आषाढात आखलेला वाळवंटाचा रस्ता

आषाढातल्या एका संध्याकाळी मी जैसलमेरच्या पलीकडच्या एका गावातील गृहस्थांशी फोनवर बोलत होते. दिवाळीनंतर त्यांच्या घरी मुक्कामाला उतरता येईल का, गाडी अंगणापर्यंत जाते का, रात्रीचे जेवण मिळेल का, अशा साध्या चौकशा चालल्या होत्या. गोव्यातल्या आमच्या फोंड्यात त्या दिवशी दुपारपासून पावसाने धरले होते आणि पडवीच्या पत्र्यावर त्याचा असा मारा चालला होता की त्यांचे प्रत्येक वाक्य मला पुन्हा विचारावे लागत होते. बोलता बोलता ते थांबले आणि मागे हा आवाज कसला, पिठाची गिरणी चालू आहे का, असे त्यांनी विचारले. पाऊस आहे, मी म्हटले. काही क्षण पलीकडून काहीच ऐकू आले नाही. मग फार संकोचाने त्यांनी विनंती केली की हरकत नसेल तर फोन जरा बाहेर धरा, घरात आई बसली आहे, तिला ऐकवतो. मी पागोळ्यांजवळ हात लांबवून फोन धरला. पुन्हा कानाला लावला तेव्हा पलीकडे बायकामुलांचा गलका झाला होता, आणि ते हसत म्हणाले, ‘‘बाईसा, एवढा पाऊस इकडे पडला तर आमची घरे वाहून जातील. पण ऐकायला छान वाटला.’’ त्यानंतर आम्ही पुन्हा खोलीच्या भाड्याकडे वळलो.

त्यांच्या बोलण्यात दुःखाचा लवलेश नव्हता, तरी तो प्रसंग माझ्या मनातून जाईना. ज्या आवाजाला त्यांच्या घरातली माणसे फोनभोवती गोळा झाली, त्याच आवाजाने मी दिवसभर त्रासले होते. दोरीवरचे कपडे चार दिवस ओलेच होते, माळ्यावरून काढलेल्या प्रवासी पिशव्यांवर पांढरट बुरशी चढली होती आणि जेवणाच्या टेबलावर पसरलेला राजस्थानचा नकाशासुद्धा दमट होऊन कडांना वळू लागला होता. जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी जेमतेम दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि आषाढातल्या एखाद्या दांडग्या दिवशी शंभर मिलिमीटर सहज ओलांडतो. हे आकडे मला आधीपासून माहीत होते. त्या आकड्यांत एक म्हातारी बसलेली आहे, हे मात्र त्या संध्याकाळपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

तोवर आमची सहल किल्ल्यांची आणि राजवाड्यांची होती. माझ्या पतींना गाडी चालवण्याची हौस आहे, मुलीला छायाचित्रांची, आणि मला जुनी शहरे पायी फिरण्याची. त्यामुळे अहमदाबाद, उदयपूर, जोधपूर, जैसलमेर, बिकानेर आणि जमल्यास जयपूर अशी सगळे करतात तीच यादी आम्हीही केली होती. त्या फोननंतर मी नकाशा पुन्हा उघडला आणि पेन्सिलीने वेगळ्याच ठिकाणांना खुणा करू लागले. पडलेला पाऊस माणसांनी जिथे अडवला, जिरवला, लपवला आणि जपला, अशी ठिकाणे जोडली तर रस्ता कसा जातो, हे मला पाहायचे होते. राजवाडे वाटेत लागतील तेव्हा लागतील. घरात या बदलावर बरीच चर्चा झाली. पतींचा आक्षेप उदयपूर गाळण्याला होता, मुलीचा कशालाच नव्हता, आणि माझ्या आईला मुळात एवढ्या लांब गाडीने जाण्याचेच प्रयोजन पटत नव्हते.

निघण्याचा काळ मात्र चर्चेविना ठरला. पावसाळ्यात कच्छच्या रणात पाणी भरते आणि ते ओसरून मीठ उघडे पडायला दिवाळी उजाडते. उन्हाळ्यात थरच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही. आणि गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की आमच्या घरचे कोणी गोवा सोडत नाही. म्हणून नरकासुराचा पुतळा जळला, दिवाळीचे पोहे खाऊन झाले, पाहुणे परतले की निघायचे. चोर्ला घाटाने वर चढून बेळगाव, तिथून कोल्हापूर, पुणे आणि पुढे गुजरातकडे जाणारा मोठा महामार्ग. या रस्त्यावर घाट संपल्यावर कणकुंबी लागते. म्हादई नदीला मिळणाऱ्या ज्या कळसा नाल्याचे पाणी कर्नाटकातल्या मलप्रभा नदीकडे वळवण्यावरून गोवा आणि कर्नाटक इतकी वर्षे भांडत आहेत, तो याच परिसरातला. म्हादई जलविवाद लवादाने २०१८ साली निवाडा दिला, तरी वाद शमलेला नाही. बेळगावला जाताना कणकुंबीवरून मी कितीदा गेले असेन, पण मुक्कामाचे ठिकाण म्हणून तिला कधी खूण केली नव्हती. यंदा केली आहे. पाणी पाहायला निघायचे तर आपल्या उंबरठ्यापासून पाहत जावे, असे मला वाटते.

वाटेत दमण आहे. गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता तेव्हा, म्हणजे १९८७ पूर्वी, सरकारी नोकरीतल्या माणसांच्या तिकडे बदल्या होत. माझे काका दीवला होते. सुट्टीत घरी आले की ते पहिल्यांदा विहिरीवर जात, स्वतः कळशी ओढून काढत आणि उभ्या उभ्या पाणी पीत. तिकडचे पाणी मचूळ लागते, डाळ शिजत नाही, असे ते सांगत. आम्हा मुलांना दीवची बोट, किल्ला आणि समुद्र यांत रस होता. काकांच्या डाळीची गोष्ट आम्ही ऐकून सोडून दिली होती. ती मला या योजनेच्या निमित्ताने आठवली, आणि काका असते तर त्यांना कितीतरी विचारता आले असते अशी रुखरुख लागून राहिली.

अहमदाबादेत मला पोळांतली, म्हणजे गल्लीबोळांच्या जुन्या वस्त्यांतली घरे पाहायची आहेत. १४११ साली वसलेल्या आणि २०१७ साली जागतिक वारसा शहर ठरलेल्या या नगरीतल्या अनेक जुन्या घरांच्या चौकाखाली टाके आहे. छपरावरचा पाऊस नळीवाटे खाली उतरवून त्या काळोख्या टाक्यात साठवायचा आणि वर्षभर प्यायचा, अशी ती योजना. आमच्याकडे पावसाळा तोंडावर आला की पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यापुरती साठवण, भरतात. सुके मासे, सोले, मिरच्या, चिंच बरण्यांतून बंद होते, कारण पाऊस आपल्याला घरात कोंडणार हे ठाऊक असते. त्या घरांत पाऊस हेच पुरुमेंत. तिथून अडालजची विहीर जवळ आहे, १४९९ ची. वाघेला राजाने काम सुरू केले आणि त्याच्या पाडावानंतर महमूद बेगड्याच्या काळात ते पूर्ण झाले, अशी तिची कथा आहे. पाच मजले खाली उतरत जायचे, आणि प्रत्येक मजल्यावर ऊन थोडे थोडे मागे राहते. पुढे मोढेऱ्याचे सूर्यमंदिर, त्याच्यासमोरचे पायऱ्यापायऱ्यांचे कुंड, आणि पाटणची राणीची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. अकराव्या शतकात राणी उदयमतीने पती भीमदेवाच्या स्मरणार्थ ती बांधली असे मानतात. सरस्वती नदीच्या पुरांनी ती गाळाने भरून गेली आणि शतकानुशतके मातीखाली राहिली. विसाव्या शतकात गाळ उपसला तेव्हा आतली शिल्पे फारशी न झिजता हाती आली. शंभराच्या जांभळ्या नोटेच्या पाठीवर ती आपण रोज पाहतो. एका स्त्रीने गेलेल्या नवऱ्यासाठी थडगे किंवा स्तंभ न उभारता तहानलेल्यांसाठी पाणी मोकळे केले, ही गोष्ट मला कोणत्याही किल्ल्याच्या विजयकथेपेक्षा मोठी वाटते.

हे वाचत असताना फोंड्याच्या साफा मशिदीचे तळे डोळ्यांसमोर येत राहिले. आदिलशाहीतली, १५६० ची ही मशीद माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि तिच्या बाजूच्या जांभ्या दगडाच्या तळ्याला पायऱ्या आहेत, भिंतींत कमानींचे कोनाडे आहेत. शाळेच्या वाटेवर आम्ही त्या तळ्याच्या काठाशी थांबून हिरव्या पाण्यात खडे टाकत असू. परवा पावसाची उघडीप मिळाली तेव्हा मुद्दाम जाऊन आले. पायऱ्या बुडाल्या होत्या, जांभ्यावर मखमली शेवाळ चढले होते आणि ओल्या दगडाचा तो कुबट, थंड वास अगदी लहानपणचाच होता. पाटणच्या पायऱ्या उतरताना हा वास येणार नाही, याची मला आधीच चुटपुट लागली आहे.

मडकईच्या माहेराने मला कच्छचे गूढ उकलून दिले.

आमचे घर खाजनाच्या, म्हणजे खाडीलगतच्या सखल शेतजमिनीच्या काठावर. जुवारी नदीचे खारे पाणी भरतीला शेतात घुसू नये म्हणून पूर्वजांनी चिखलामातीचे बांध घातले आणि बांधात लाकडी दारांची मानस बसवली. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने दारे उघडतात, भरतीला बाहेरच्या पाण्याने मिटतात. आत कोरगूट पिकते, खारवट जमीन सोसणारे लाल तांदळाचे भात. खारे आणि गोडे पाणी वेगळे ठेवणे हाच त्या सगळ्या खटाटोपाचा अर्थ, हे आजोबांच्या मागे बांधावरून चालताना मला कळले होते. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशातले मालधारी, म्हणजे गुरे पाळणारे लोक, हेच काम जमिनीच्या पोटात करतात. तिथले भूजल खारे. पण पावसाचे पाणी सखल जागी मुरते तेव्हा ते हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत राहते. मालधारी नेमकी ती जागा हेरून उथळ झिरे खणतात, त्यांना ते विरडा म्हणतात. कडा ढासळू नयेत म्हणून लाकडांची चौकट आणि गवत लावतात, आणि वरचे गोडे पाणी हळूहळू काढून घेतात. उपसा जास्त झाला की खालचे खारे पाणी वर येते. घाई केली की सगळेच गमावले. हे वाचले तेव्हा मी पुस्तक बंद करून बराच वेळ बसून राहिले. ज्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नसेल अशा दोन किनाऱ्यांवरच्या अशिक्षित म्हटल्या गेलेल्या माणसांनी मीठ आणि पाणी यांचा इतका बारकाईने अभ्यास केला होता.

भूजचे हमीरसर तळे पावसाने भरून सांडू लागले की शहरात सुट्टी जाहीर होते, तळ्याची पूजा होते, लाडू वाटतात. त्या सोहळ्याला आम्ही मुकणार, कारण पोहोचेपर्यंत पावसाळा सरलेला असेल. पण त्या तळ्याच्या काठी एक संध्याकाळ राखून ठेवली आहे. २००१ च्या २६ जानेवारीला हे शहर भूकंपात कोसळले होते. त्या दिवशी फोंड्याच्या आमच्या शाळेत झेंडावंदनानंतरचा चिवडा वाटला जात होता, आणि दुपारी दूरदर्शनवर ढिगारे दिसू लागले. शिक्षिका म्हणून माझी ती पहिलीच काही वर्षे होती. मुलांनी घरोघर फिरून चादरी गोळा केल्या होत्या.

भूजहून खावड्यामार्गे रणातून थेट धोळावीरेला जाणारा रस्ता आता झाला आहे. पूर्वी भचाऊ आणि रापरवरून मोठा वळसा पडत असे. दोन्ही बाजूंना पांढरे मीठ आणि मधून सरळ काळी रेघ, अशी त्याची छायाचित्रे मुलीने मला दाखवली. तिचे लक्ष त्या रेघेकडे आहे, माझे पलीकडच्या खडीर बेटाकडे. जगत्पती जोशींनी शोधलेले आणि रवींद्रसिंह बिश्त यांनी १९९० पासून उत्खनन केलेले तिथले धोळावीरा हे हडप्पाकालीन नगर २०२१ साली जागतिक वारसा यादीत आले. मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांच्या मध्ये ते वसले. ओढ्यांवर बांध घालून पाणी वळवायचे, उतारावर एकाखाली एक खोदलेल्या मोठमोठ्या हौदांत ते भरून घ्यायचे, आणि त्या हौदांच्या आधाराने एक अख्खे शहर कोरड्या बेटावर नांदवायचे, असे तिथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी घडत होते. नगराच्या दरवाज्याजवळ दहा चिन्हांची एक मोठी पाटी सापडली आहे आणि ती अजून कोणाला वाचता आलेली नाही. हौद मात्र वाचता येतात. पाणी कुठून आले, कुठे साचले आणि गाळ कुठे बसला, हे त्यांच्या उतारावरून आजही सांगता येते.

तिथून राधनपूर, सांचोर, बाडमेर असे करत जैसलमेर. ११५६ साली वसलेले हे शहर मी इतक्या चित्रांत पाहिले आहे की त्याचा पिवळा रंग मला पाठ आहे. तरीही किल्ल्याविषयी वाचताना एक गोष्ट मनाला लागली. पूर्वी किल्ल्यातल्या बायका खाली गडीसर तळ्यावरून डोक्यावर घागरी वाहून पाणी आणत, आणि एवढ्या कष्टाने आणलेल्या पाण्याचा थेंबही वाया जात नसे. पुढे किल्ल्यात नळ आले. जे वाहून आणावे लागत नाही ते सांडू लागले, आणि सांडलेले पाणी टेकडीच्या मऊ थरांत मुरले. पाया खचून काही भिंती आणि बुरूज ढासळले. तहानेत शतके काढलेला किल्ला पाणी मिळाल्यावर दुबळा झाला. त्या नळांना नावे ठेवणे मला जमणार नाही. घागर वाहणाऱ्या बाईच्या मानेचे दुखणे किल्ल्याच्या देखणेपणापेक्षा कमी मोलाचे नाही. जुने गोवे आठवल्यावाचून राहवत नाही. तिथे पाणी मुबलक होते, आणि साथींनी माणसे मरत गेली. शेवटी राजधानी पणजीला हलवावी लागली. चर्चच्या पुढून जाताना आजही त्या मोठ्या रिकाम्या मैदानावर एकेकाळी बाजार भरत होता यावर विश्वास बसत नाही.

जैसलमेरहून लोक सम गावच्या वाळूच्या टेकड्यांत तंबूंत राहायला जातात. त्यांतल्या काही ठिकाणी पोहण्याचे तलाव आहेत. तिथे राहायचे नाही हे मी ठरवून टाकले, आणि या एका बाबतीत घरात कोणाचे ऐकून घेतले नाही. ज्यांच्याशी फोनवर बोलले त्या गृहस्थांच्या गावी आम्ही उतरणार आहोत. त्यांना मी पुढच्या वेळी पाण्याची अडचण होणार नाही ना, असे विचारले तेव्हा ते थोडे दुखावल्यासारखे वाटले. वापरायला नळाचे पाणी येते आणि प्यायला घरच्या टाक्यातले पावसाचे आहे, पाहुण्याला कमी पडणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. इंदिरा गांधी कालव्याने पंजाबातल्या हरिकेचे पाणी त्यांच्या जिल्ह्यापर्यंत आले आहे, तरी पिण्यासाठी त्यांच्या घरच्यांचा भरवसा अजून आभाळातून पडलेल्या पाण्यावर आहे. आपण त्यांच्या टाक्यातले पाणी प्यायला चाललो आहोत, हा विचार मला अस्वस्थ करतो. आईचे म्हणणे वेगळे. दारी आलेल्याला गूळ-पाणी द्यायचे आणि आपण कोणाच्या दारी गेलो तर ते नाकारायचे नाही, कारण नाकारण्यासारखा दुसरा अपमान नाही, असे ती म्हणते. तरीही तिने स्वतः आमच्या विहिरीच्या पाण्याचा एक मोठा कॅन गाडीत ठेवण्याचे फर्मान काढले आहे. त्या घरच्या आईला द्या म्हणाली. फोनवरून पाऊस ऐकला त्या बाईला तो चाखायलाही मिळू दे, एवढेच तिच्या मनात आहे, आणि अंतराचा हिशेब मांडून तिला समजावण्याची माझी इच्छा नाही.

त्या गावाच्या आसपास खडीन आहेत, आणि खरे तर मी त्यांच्यासाठीच चालले आहे. दगडाळ उताराच्या पायथ्याशी आडवा मातीचा बांध घालायचा. वर्षात दोन-चार वेळा जो पाऊस पडतो त्याचे पाणी उतारावरून वाहत येऊन बांधाशी अडते आणि जमिनीत मुरते. हिवाळ्यात त्या ओलीवर गहू आणि हरभरा पिकतो. जैसलमेरच्या भागात पालीवाल ब्राह्मणांनी ही शेती वाढवली. कुलधरासारखी त्यांची गावे एकोणिसाव्या शतकात ओस पडली. दिवाणाच्या जुलमाला कंटाळून सगळे एका रात्रीत निघून गेले ही दंतकथा प्रवाशांना सांगतात आणि भुताखेतांच्या गोष्टी जोडतात. मला त्या भुतांत रस नाही. गाव सोडून गेलेल्यांचे बांध पुढे कोणी सांभाळले, हे मला जाणून घ्यायचे आहे. परतीला जोधपूर आहे, तिथली तूरजी का झालरा ही अठराव्या शतकातली पायऱ्यांची विहीर आहे, आणि पतींच्या आग्रहाखातर मेहरानगडचा किल्लाही आहे. उदयपूरचा निर्णय अजून अधांतरी आहे.

मडकईचा बांध गेल्या काही वर्षांत दोनदा फुटला. खाजने पूर्वी गावकरी सांभाळत. कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. शेते कसणारे कमी झाले, नोकरीवाल्यांना बांधावर चिखल टाकायला वेळ नाही, आणि मानसीवरच्या मासळीचा लिलाव भातापेक्षा किफायतशीर ठरू लागल्यामुळे दारे कधी उघडायची यावरून भांडणे होतात. खारे पाणी आत शिरले की शेत पुन्हा गोडे व्हायला कैक पावसाळे लागतात. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या या प्रदेशात एप्रिल-मे महिन्यांत काही गावांना टँकरने पाणी पुरवावे लागते, हेही आता कोणाला नवल वाटत नाही. म्हणून माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर स्थळांची नावे नाहीत, त्या गृहस्थांना विचारायचे प्रश्न आहेत. खडीनचा बांध फुटला तर दुरुस्तीचा खर्च कोण उचलतो? वरच्या आणि खालच्या शेतकऱ्याचे पटले नाही तर साचलेले पाणी कधी सोडायचे हे कोण ठरवते? घरातली मुले शहरात गेल्यावर त्यांच्या वाटणीचे मातीकाम कोण करते, आणि ती परत आली तर त्यांचा वाटा त्यांना मिळतो का? माझा भाऊ बांधाच्या बैठकीला जातो. त्याने या यादीत स्वतःच्या हाताने आणखी एक प्रश्न लिहून दिला आहे: बैठकीला न येणाऱ्याकडून तुम्ही काय घेता?